दुकान, क्यू.ए.ची नोकरी की त्वचेतून औषध?

कराडच्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांचं २२ वर्षांपासून मेडिकल आहे आणि मुलगी बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशननंतर टॅमोक्सिफेनच्या गोळ्या सुरू झाल्या, पण अंगातून वाफा निघायच्या, रात्री घामाने चादर भिजायची, म्हणून मावशीने त्या मध्येच सोडल्या. कर्करोग रोखणारं औषध छातीवर जेल लावून देता येतं, असं मुलीने नंतर कुठेतरी वाचलं. आता तिला त्यातच संशोधन करायचं आहे. वडील विचारतात, "क्यू.ए.ची, म्हणजे कंपनीत औषधांचा दर्जा सांभाळण्याची, नोकरी मिळत असताना या नादाला लागू द्यावं का? की दुकान सांभाळायला सांगावं?"

सप्रेम नमस्कार,

आधी मावशींबद्दल. गोळी सोडल्याचं त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना माहीत आहे का? नसेल तर याच आठवड्यात त्यांना दाखवा. त्रास कमी करण्याचे आणि औषध बदलण्याचे मार्ग असतात. मुलगी वाचते आहे ते जेल बाजारात मिळत नाही आणि मावशींच्या उपचाराला ते पर्यायही नाही.

आता मुलीचं. तिने धरलेला प्रश्न खरा आहे. धोका जास्त असलेल्या पण आजार नसलेल्या बायकांना टॅमोक्सिफेन दिलं तर काय होतं, हे अमेरिकेत १३ हजारांहून जास्त बायकांवर तपासलं गेलं. १९९८ साली निकाल आला तेव्हा कर्करोगाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. तरीही हे औषध घ्यायला फार थोड्या जणी तयार होतात. धडधाकट बाईने रोज गोळी घ्यायची आणि त्यापायी रक्तात गुठळ्या होण्याचा, गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका पत्करायचा, हे कुणाला पटेल? औषध हवं आहे स्तनात आणि गोळी ते अंगभर फिरवते.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या सर्जन डॉ. सीमा खान यांनी नेमकं इथे बोट ठेवलं. टॅमोक्सिफेन यकृतात गेल्यावर त्यापासून जे जोरकस रूप तयार होतं, ते ४-हायड्रॉक्सीटॅमोक्सिफेन थेट जेलमधून स्तनाच्या त्वचेवर द्यायचं. २०१४ साली त्यांचा छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला रोज ४ मिलिग्रॅम औषध जेलमधून, दुसऱ्याला टॅमोक्सिफेनची २० मिलिग्रॅमची गोळी. स्तनातल्या चरबीत या औषधाचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखं आलं, जेलवाल्यांच्या रक्तात मात्र ते पाचपटीहून कमी. पेशींची वाढही दोन्ही गटांत सारखीच मंदावली. हे वाचून तुमच्या मुलीचे डोळे चमकले असतील, माझेही चमकले होते.

पण पुढची गोष्टही तिने वाचायला हवी. २०२३ साली मोठ्या चाचणीचा निकाल आला, त्यात जेल गोळीच्या तोडीचं आहे हे सिद्ध करता आलं नाही. गोळी घेतली की यकृत एंडोक्सिफेन नावाचं आणखी एक प्रभावी रूप तयार करतं, या जेलमधून ते मिळत नाही. इकडे इटलीतल्या डॉक्टरांनी २०१९ साली दाखवलं, की कर्करोगाच्या आधीच्या किंवा अगदी सुरुवातीच्या अवस्थेत टॅमोक्सिफेनची ५ मिलिग्रॅमची छोटी गोळीही काम करते. म्हणजे जेलला घरातच प्रतिस्पर्धी उभा राहिला. म्हणून माझं मुलीला सांगणं एवढंच: या एका जेलवर आयुष्य लावू नकोस. औषध त्वचेपार कसं न्यायचं, हा प्रश्न धर. जेल राहो न राहो, तो प्रश्न राहणार आहे.

त्या प्रश्नात किती कस लागतो ते सांगते, कारण फार्मसी कॉलेजात मी बारा वर्षं हेच शिकवलं. त्वचेचा सगळ्यात वरचा मृत थर केसाहूनही पातळ, पण खरा पहारेकरी तोच. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणू तो सहसा आत सोडत नाही. प्रयोग होतो फ्रान्झ सेलमध्ये. काचेचे दोन कप्पे, मधे डुकराच्या कानाची त्वचा ताणून बसवायची, वर जेल लावायचं, खाली द्रावण ढवळत ठेवायचं, त्वचेचं तापमान ३२ अंश. दर तासाला खालून नमुना काढायचा आणि तेवढंच ताजं द्रावण भरायचं, कधी पहाटे चारलाही. त्वचेखाली मुगाएवढा बुडबुडा अडकला तरी चोवीस तासांची मेहनत पाण्यात. माझ्या हुशार विद्यार्थ्यांपैकी काहींनी तिथेच हात टेकले. काही मात्र बुडबुडा शोधायला सेल तिरका करून दिव्यासमोर धरायचे, तेव्हाच कळायचं की हे टिकणार.

मार्ग सरळ आहे. जीपॅट ही एम. फार्म.ची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यायची, मग फार्मास्युटिक्समध्ये, म्हणजे औषधाची गोळी, जेल कसं बनवायचं या विषयात, एम. फार्म. मुंबईत आय.सी.टी. ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था आहे, मोहाली-हैदराबाद-अहमदाबादला नायपर ही औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. नायपरची प्रवेश परीक्षा वेगळी, तीही द्यावी. जीपॅट पात्र विद्यार्थ्यांना एम. फार्म.ला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, त्यामुळे सगळा भार तुमच्यावर पडणार नाही. पीएच.डी.चा निर्णय एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षी घ्या, आज नको. आणि पोटापाण्याची काळजी करू नका. जेल, मलम, पॅच यांचं जेनेरिक बनवणं गोळीपेक्षा किचकट, अमेरिकेत त्याची परवानगी मागताना अनेकदा असेच त्वचेचे प्रयोग करून दाखवावे लागतात. हे काम हाताला येतं त्याला कंपन्यांच्या आर. अँड डी.मध्ये, म्हणजे संशोधन विभागात, जागा असते.

क्यू.ए.ची नोकरी वाईट नाही, पण त्या टेबलावरून परत प्रयोगशाळेत येणारे मी फार थोडे पाहिले. दुकानाचं म्हणाल, तर तिच्याकडे बी. फार्म.ची नोंदणी असणारच. ते दार दहा वर्षांनीही उघडं राहील. जीपॅटचं वय मात्र हेच.

एक करा. या सुट्टीत तिला ज्या कॉलेजात फ्रान्झ सेल आहे तिथे दोन महिने काम करू द्या. तुमच्याच दुकानातली डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या जेलची ट्यूब तिला द्या. दोन कंपन्यांची दिलीत तर आणखी चांगलं. कुठल्या ट्यूबमधलं औषध किती तासांत किती पार गेलं, ते आकडे तिने स्वतः काढावेत आणि मला पाठवावेत. फसलेले प्रयोगही लिही म्हणावं.