दारूनंतरच्या त्रासासाठी विकल्या जाणाऱ्या ‘चिअर्स’च्या गोळ्या घेतल्या की बिनधास्त पिता येतं का? हा धंदा उभा कसा राहिला?

बिनधास्त? अजिबात नाही. अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकताना ब्रुक्स पॉवेलच्या वाचनात डीएचएम या वनस्पतिजन्य द्रव्यावरचा २०१२चा शोधनिबंध आला. त्या द्रव्याने उंदरांची झिंग उतरली होती. उंदरांची बरं का! त्यावरच पॉवेलने ‘थ्राइव्ह प्लस’ हे सप्लिमेंट (पूरक गोळ्या) काढलं. २०१८मध्ये ‘शार्क टँक’ या टीव्ही कार्यक्रमात एकाही शार्कने, म्हणजे गुंतवणूकदाराने, पैसे लावले नाहीत. पुढे तेच ‘चिअर्स’ झालं.

खरी मेख कायद्यात आहे. तिकडे सप्लिमेंटला औषधासारखी आगाऊ मंजुरी लागत नाही, पण ‘हँगओव्हर बरा करतो’ म्हटलं की ते औषधात मोडतं. २०२०मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, सात कंपन्यांना यावरूनच इशारापत्रं धाडली. म्हणून असल्या डब्यांवर लिव्हरची ‘काळजी’ असते, ‘इलाज’ नसतो. आणि गोळीच्या भरवशावर गाडीची किल्ली हातात घेऊ नका.