तात्पुरतं म्हणून खेळू नकोस

प्रिय बाळ,

तुझा मेसेज वाचला. फुटबॉलच्या संघात कोचने तुला विंगवरून, म्हणजे कडेने चढाई करायच्या जागेवरून, उचलून लेफ्ट बॅकला, डाव्या कडेच्या बचावाला टाकलं, आणि ‘सध्या खेळतो, विंगवर जागा झाली की परत जाईन’ असं तू ठरवलंयस. जागा गेल्याचं दुःख मला माहीत आहे, त्यावर समजूत घालत बसणार नाही. पण हे ठरवणं मला अजिबात पटलेलं नाही. खेळायचं तर पूर्ण खेळ, तात्पुरतं म्हणून खेळू नकोस.

अ‍ॅशली यंगचं बघ. २००९ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाचा विंगर असताना इंग्लंडमधला वर्षातला सर्वोत्तम युवा खेळाडू ठरला. २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडने घेतला, तोही विंगर म्हणूनच. डावीकडून आत वळायचं आणि उजव्या पायाने मारायचं, हा त्याचा हातखंडा. पुढे तिथला कोच व्हान हालने त्याला विंग बॅक, म्हणजे कडेने चढाई आणि बचाव दोन्ही करणारा, केलं आणि नंतरचा कोच मोरिन्योने सरळ लेफ्ट बॅक. २०१७-१८ च्या मोसमात मूळचा लेफ्ट बॅक असलेला, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान ल्यूक शॉ कितीतरी वेळा बाकावर असायचा आणि यंग मैदानात. चार वर्षं बंद झालेलं इंग्लंडच्या संघाचं दार याच नव्या जागेने उघडलं. २०१८ च्या वर्ल्ड कपात स्वीडनविरुद्धची क्वार्टर फायनल खेळला, तेव्हा तेहतिसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. इंग्लंडच्या मॅग्वायरने त्या मॅचमध्ये हेडरने गोल मारला तो यंगच्याच कॉर्नरवर. विंगवर घोटलेला पाय कुठेही वाया गेला नव्हता.

आता तुझं. पाठवलेल्या व्हिडिओतला दुसरा गोल पुन्हा बघ. चेंडू उजव्या बाजूला होता आणि तू चेंडूच बघत उभा होतास. पाठीमागून त्यांचा दहा नंबर मोकळा आत गेला. खांद्यावरून एकदा जरी मागे पाहिलं असतंस तरी तो दिसला असता. मान का वळली नाही? चेंडू मिळाला की पुढे कसं पळायचं, याचाच विचार चालला होता म्हणून. पाय बॅकवर आणि मन विंगवर. तात्पुरतं खेळणारा असाच दिसतो, आणि कोचला ते तुझ्याआधी दिसतं.

मलाही पुढून काढून स्टॉपरला, बचावाच्या मधल्या जागेवर, नेलं होतं. पेठेतली माणसं तोंडावर म्हणाली, संपला. मी तिथेच पाय रोवले. दोन मोसमांनी पुन्हा पुढे खेळ म्हणाले, तर मी नाही म्हटलं. गोल मारायची हौस अपुरी राहिली ती राहिलीच, आजही कोणी लांबून जाळं हलवलं की पोटात कालवतं. लोक याला हेकेखोरपणा म्हणतात, म्हणोत. ज्या जागेवर मी शेवटपर्यंत संघाला लागलो, ती जागा माझी होती. मी बरोबरच केलं.

तू म्हणशील, पण माझं खरंच थोड्या दिवसांचं असेल तर? असू दे की! जेम्स मिल्नर उजव्या पायाचा मिडफिल्डर. कोच क्लॉपने त्याला २०१६-१७ चा जवळजवळ अख्खा लीग मोसम लिव्हरपूलचा लेफ्ट बॅक म्हणून खेळवलं. पुढच्या वर्षी रॉबर्टसन हा लेफ्ट बॅक आला, मिल्नर पुन्हा मधे गेला आणि त्या मोसमात चॅम्पियन्स लीगमध्ये त्याने नऊ गोल करून दिले. परत जायला मिळालं, पण बॅकवर असताना तो बॅकच होता. हे तुला कितीदा सांगू?

आणि यंग? जानेवारी २०२० मध्ये इंटर मिलानला गेला, कोच कोन्तेच्या हाताखाली विंग बॅक खेळला आणि २०२१ मध्ये इटलीची लीग जिंकला. युव्हेंटसची सलग नऊ जेतेपदांची साखळी त्या वर्षी तुटली. नुसता विंगर राहिला असता तर पस्तिशीत तिथे त्याला कोणी बोलावलं असतं, असं मला वाटत नाही.

या आठवड्यात एवढं कर. सरावात उजव्या पायाच्या एखाद्या विंगरला तुझ्यासमोर उभा कर. छाती त्याच्याकडे करून उभा राहू नकोस, अंग आडवं ठेव, त्याला आत वळू देऊ नकोस, रेषेकडे ढकल. चेंडू पलीकडे गेला की दर वेळी मान मागे वळव. आणि कोचला स्वतः जाऊन विचार, ऑफसाइडची लाइन कोण सांभाळणार, मी की स्टॉपर. पुढच्या मॅचचा व्हिडिओ पाठव, पण त्यात तुझ्या चढाया कापून पाठवू नकोस, पूर्ण नव्वद मिनिटं पाठव.

तुझा,
काका