ओव्हरक्लॉक केला आणि डिस्प्लेच गेला

प्रश्न : रायझन ५ ५६०० आहे, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या. रॅम ३८०० वर आणि फॅब्रिक (प्रोसेसरमधले भाग जोडणारा दुवा) १९०० वर टाकून सेव्ह केलं. आता पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. बोर्डावरचा सेल दोनदा काढून लावला, काही फरक नाही. बोर्ड गेला का?

बोर्ड गेल्याची शक्यता फार कमी. ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेग देणं, फसलं आहे. या प्रोसेसरसाठी एएमडीने दिलेला रॅमचा अधिकृत वेग ३२०० आहे. ३६०० रॅम आणि १८०० फॅब्रिक बहुतेक चिप पेलतात. १९०० ला मात्र पुष्कळ चिप चालूच होत नाहीत, मग कितीही व्होल्टेज ढोसा.

सेल काढूनही उपयोग होत नाही तेव्हा चूक बहुधा एकच असते : एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) चालूच राहिलेला असतो. पीसी बंद दिसला तरी बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मिळत असतो आणि तो असेपर्यंत सेल काढला तरी सेटिंग पुसलं जात नाही. म्हणून आधी एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करा, केबल काढा आणि पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. बोर्डावरचे दिवे पूर्ण विझले पाहिजेत. मग सेल काढून १० मिनिटं बाहेर ठेवा. तो बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेला असतो. कार्ड न काढता बोटांनी उचकटायला गेलात तर खोबणीची पत्र्याची पट्टी वाकते.

सेलपेक्षा सीमॉस (बोर्डाचं सेटिंग जपणारी मेमरी) पुसणारा जम्पर खात्रीचा. बोर्डाच्या खालच्या कडेला दोन पिना असतात, शेजारी ‘क्लिअर सीमॉस’, ‘सीएलआरटीसी’ किंवा ‘जेबॅट१’ असं काहीतरी छापलेलं असतं. मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून पाहा आणि पेचकसाच्या टोकाने दोन्ही पिना एकदम १० सेकंद जोडून धरा. सेल ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो. मल्टीमीटरवर २.८ च्या खाली दाखवत असेल तर हातासरशी बदलून टाका.

चालू करताना एकच पट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. डिस्प्ले आला की ३६००/१८०० वर थांबा. तिथून ३८०० पर्यंतचा फरक गेम खेळताना डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : सीमॉस क्लिअर केल्यावर बायोस (बोर्डाच्या सेटिंगचा पडदा) उघडतं, पण विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दाखवते. विंडोज नव्याने टाकू का?

मुळीच नको. क्लिअर करताना फक्त ओव्हरक्लॉक जात नाही, बायोसमधलं सगळंच मूळ पदावर येतं. इंटेलच्या बोर्डावर विंडोज टाकताना स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’ मोडमध्ये असेल आणि आता ते ‘एएचसीआय’ झालं असेल (किंवा उलट), तर नेमका हाच पडदा येतो. मोड परत पहिल्यासारखा करा, विंडोज उघडेल. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती बूटच्या यादीतच दिसणार नाही, तिथे ‘सीएसएम’ (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) चालू करावं लागतं.

बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) की मागितली तर घाबरू नका. ४८ अंकी की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम (प्रोसेसरमधली, सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) रीसेट करू का, ‘वाय’ की ‘एन’ असा प्रश्न आला आणि की हाताशी नसेल, तर ‘एन’ दाबा. ‘वाय’ दाबलंत आणि की सापडलीच नाही, तर डिस्कवरच्या डेटावर पाणी सोडावं लागेल.

विंडोजच्या फाइलींची दुरुस्ती करायची असेल तर ती रॅम मूळ वेगावर आणल्यावरच. चुकणाऱ्या रॅमवर दुरुस्ती चालवली तर चुकाच डिस्कवर लिहिल्या जातात.

प्रश्न : रायझन ७ ७८००एक्स३डी, १६ जीबीच्या चार डीडीआर५ पट्ट्या. एक्स्पो (रॅमच्या जास्त वेगाचं तयार सेटिंग) ६००० चालू केल्यापासून चार मिनिटं काळा पडदा, डीरॅमचा दिवा पेटलेला. जळला का?

आधी बटणावरचा हात काढा. डीडीआर५ मध्ये सेटिंग बदलल्यावर बोर्ड रॅमचं ट्रेनिंग (नव्या वेगाशी जुळवणी) करतो, त्याला काही मिनिटं लागतात आणि ६४ जीबीला जास्तच. मध्येच बंद केलंत की सगळं पहिल्यापासून. १५ मिनिटं थांबा, तरी दिवा तसाच असेल तर वर सांगितल्याप्रमाणे क्लिअर करा.

खरी गोची चार पट्ट्यांची आहे. या मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन पट्ट्यांना ५२०० आणि चारला फक्त ३६०० आहे. पाकिटावर छापलेले ६००० त्या पाकिटातल्या दोन पट्ट्यांपुरते असतात. तीच दोन पाकिटं एकत्र केली म्हणून चार पट्ट्या ६००० वर चालतील असं नाही. ३६०० पासून पायरी पायरीने वर जा, नाहीतर ३२ च्या दोन पट्ट्या घ्या.

बायोस जुनं असेल तर एक्स्पोच्या आधी ते अपडेट करा. २०२३ मध्ये या मालिकेतले काही एक्स३डी प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या बाजूचं व्होल्टेज) १.३ ची मर्यादा घातली, ती नव्या बायोसमध्येच आहे. आणि एक्स्पो हेही कंपनीच्या हिशेबी ओव्हरक्लॉकिंगच, वॉरंटी मागायला जाताना एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : पासवर्ड टाकेपर्यंत सगळं ठीक, मग पडदा काळा. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा वेग आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरने वाढवला होता. सीमॉस क्लिअर केलं, उपयोग नाही.

होणारही नाही. ते सेटिंग बायोसमध्ये नाही, विंडोजमध्ये आहे आणि लॉगिन होताच लागू होतं. विंडोज उघडत असताना पीसी तीनदा बंद केलात की दुरुस्तीचा पडदा येतो, तिथून सेफ मोडमध्ये जा आणि आफ्टरबर्नर काढून टाका. फोल्डर मागे उरलं असेल तर त्यातलं ‘प्रोफाइल्स’ही पुसा, नाहीतर पुन्हा टाकल्यावर जुनेच आकडे परत येतील.

प्रश्न : रायझन ५ ३६०० वर व्होल्टेज १.४५ ठेवून कूलर बदलला. आता बटण दाबलं की पंखे सेकंदभर फिरून थांबतात, परत फिरतात.

तीन-चार फेऱ्यांनंतर ‘ओव्हरक्लॉकिंग फेल्ड’ असा संदेश आला तर उत्तम, बोर्ड स्वतःच सावरतोय. तसं न होता नुसतं चालू-बंद होत राहिलं तर कुठेतरी शॉर्ट असू शकतो. प्रोसेसरची ८ पिनांची केबल काढून बटण दाबा. पंखे आता फिरत राहिले तर दोष प्रोसेसर किंवा त्याच्या वीजपुरवठ्याच्या बाजूला आहे.

संशय कूलरवरच धरा. एएम४ (या प्रोसेसरचा सॉकेट) मध्ये कूलरखालची पेस्ट वाळली की प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटला जाऊ शकतो आणि पिना वाकू शकतात. प्रोसेसर काढून भिंगाखाली तिरक्या उजेडात पिनांच्या रांगा बघा. वाकलेली पिन बारीक सुईने किंवा जुन्या ब्लेडने हळूहळू सरळ होते. पुढच्या वेळी पीसी अर्धा तास चालवून गरम करा, मग कूलर आधी डावी-उजवीकडे पिळा आणि त्यानंतरच उचला.