बाळाच्या ६४ वस्तूंसाठी राखीव निधी मोडावा का?

प्रश्न : आम्हाला सातवा महिना सुरू आहे. बाळंतपणानंतर पत्नी सहा महिने बिनपगारी रजेवर असेल. माझ्या एकट्याच्या पगारात घरखर्चाचा दोनतृतीयांश भाग भागतो. बाळासाठी ६४ वस्तूंची यादी केली आहे, तिची किंमत आमच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढी होते. राखीव निधी चार महिन्यांचा आहे. त्यातून सगळं घ्यावं, की बिनव्याजी हप्त्यांवर?

उत्तर : आधी तुमच्याच आकड्यांची बेरीज करू. दरमहा एकतृतीयांश तूट, सहा महिने. म्हणजे रजेतच दोन महिन्यांचा खर्च निधीतून जाणार. यादीवर आणखी दोन महिने खर्च केले, तर रजा संपेल तेव्हा निधी शून्य आणि घरात सहा महिन्यांचं बाळ. हप्ते त्याहून वाईट. सहा हप्ते केले तर दरमहा आणखी एकतृतीयांश बाहेर जाईल. तूट दुप्पट होईल, तीही पगार एकच असताना. शिवाय ‘बिनव्याजी’ म्हणताना प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीवरची सूट गेली का, हे विचारून बघा.

म्हणून दोन्ही नको. माझं म्हणणं असं की बाळ यायच्या आधी अर्ध्या महिन्याच्या घरखर्चाएवढीच खरेदी करा. उरलेली यादी फाडू नका, नुसती पुढे ढकला. बाळ कसं आहे हे तुम्हाला आज माहीत नाही. ते बाटली तोंडात धरेल का, झोळीत रमेल का, हे ते आल्यावरच कळणार. एखादी वस्तू खरंच लागली तर ती दुसऱ्या दिवशीही मिळते.

पहिल्या रात्रीपासून जे लागतं ते थोडं आहे. झोपायची सुरक्षित जागा, सहा-सात जोड कपडे, दुपटी, लंगोट किंवा डायपर, साधा डिजिटल थर्मामीटर. थर्मामीटरवर मात्र काटकसर नको. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं असतं. गाडीने प्रवास होणार असेल, तर मागे तोंड करून बसवायची कार सीटही आधीच हवी.

सर्वात लहान मापाचे वीस जोड तुमच्या यादीत आहेत, ते कशाला? साधारण पाचव्या महिन्यापर्यंत वजन दुप्पट होतं, वर्षात तिप्पट, आणि उंची सुमारे २५ सेंटिमीटर वाढते. डायपरही तुम्ही एकरकमी खरेदीत धरलेत, तो खरं तर मासिक खर्च आहे. सुरुवातीला दिवसाला ८ ते १२ लागतात, म्हणजे महिन्याला तीनशेच्या आसपास. घरखर्चात त्याची वेगळी ओळ घाला आणि नवजात मापाचा साठा करू नका.

आता पाळण्याचा ‘संपूर्ण सेट’. यादीतली ही ओळ मला सर्वात जास्त खटकली. कडेच्या मऊ गाद्या, उशी, रजई, खेळणी... पहिल्या वर्षात यातलं काहीच पाळण्यात नको. बाळाला पाठीवर, घट्ट सपाट गादीवर, फक्त ताणून बसवलेल्या चादरीवर झोपवायचं. बाकी वस्तूंनी श्वास अडकण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत तर २०२२ च्या कायद्याने कडेच्या गुबगुबीत गाद्या आणि १० अंशांपेक्षा जास्त उताराची बाळाला झोपवायची साधनं विकायलाच बंदी घातली. पैसे वाचवणं आणि बाळाला जपणं इथे एकच आहे, असं नेहमी होत नाही. वॉकरचंही तसंच. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदी आणली. त्याने मूल लवकर चालतं असंही नाही.

बाळाच्या पायात घालायचा, ऑक्सिजन आणि नाडी मोजणारा पायमोजा ही तुमच्या यादीतली दुसरी सर्वात महागडी वस्तू. अशा घरगुती उपकरणांच्या भरवशावर झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी होईल असं मानू नका, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स सांगते. भीती समजते मला. पण पहिले सहा महिने बाळाला आपल्याच खोलीत, वेगळ्या बिछान्यावर झोपवणं हा जास्त खात्रीचा उपाय आहे, आणि फुकटही.

ब्रेस्ट पंप पत्नी कामावर परतायच्या आधी घ्या, आत्ता नको. बाटल्या निर्जंतुक करायच्या यंत्राऐवजी (स्टेरिलायझर) त्या पातेल्यात पाण्यात बुडवून पाच मिनिटं उकळल्या तरी चालतं. बाटली कोमट करायचं यंत्र सरळ वगळा. (आमच्याकडे ते आलं होतं. त्यात आता पेनं ठेवतो.) प्रॅमचा निर्णय दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात करा, जिना आणि गाडीची डिकी आधी मोजून.

वापरलेले कपडे, टब, पुस्तकं बिनधास्त घ्या. कार सीट मात्र जुनी घ्यायची तर तिचा इतिहास माहीत हवा. अपघातात सापडलेली किंवा छापलेली मुदत उलटलेली नको. आणि नातेवाईक ‘काय आणू?’ विचारतील तेव्हा ‘काहीही चालेल’ म्हणू नका, डायपरचं पुढचं माप सांगा.

एक ओळ तुमच्या ६४ मध्ये नाही. आरोग्य विम्यात बाळाचं नाव किती दिवसांत घालावं लागतं, पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं का, हे दोघांच्याही कार्यालयात याच आठवड्यात विचारा. मुदत चुकली तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागू शकतं, आणि तेवढ्यात बाळ आजारी पडलं तर ते बिल याच राखीव निधीतून जाईल.