आधी वाचून दाखव, मग छाप

प्रिय बेटा,

विभागाच्या पत्रकाचे तू पाठवलेले फोटो पाहिले. 'प्राध्यापकांची अलीकडील उपलब्धी' या मथळ्याखाली तीन पानं भरलीत आणि ती वाचून तुझी झोप उडाली म्हणतेस. कोणाचे वर्षात नऊ शोधनिबंध, कोणाची तीन संपादित पुस्तकं, कोणी बँकॉकला जाऊन आलं, आणि समाजशास्त्राच्या एका सरांच्या नावावर तर चक्क पेटंट. पीएचडीसाठी गाइड कोणाला करू आणि माझ्याच्यानं हे कधी होईल का, असे तुझे दोन प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर मी देत बसत नाही. पहिल्यावर बोलू.

ती यादी कशी भरते ते आधी समजून घे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या कामाला गुण देणारा एक तक्ता आहे. सामाजिक शास्त्रांतल्या शोधनिबंधाला १० गुण, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०, पुस्तकातल्या एका प्रकरणाला ५. राष्ट्रीय परिषदेत बोलावून व्याख्यान दिलं की ३, राज्य पातळीवर २. पेटंटलाही गुण आहेत, म्हणून आमच्या विषयातही पेटंटं निघू लागली. बढती या बेरजेवर अडते. घराचे हप्ते असतात, पोरं कोट्याला शिकायला असतात, त्यामुळे नऊ निबंधवाल्यांना मी हसत नाही. थोडंसंच हसते.

पण त्या तक्त्यात एक रकानाच नाही. ज्यांच्या ओसरीवर बसून माहिती घेतली, ज्यांच्या घरचा काळा चहा प्यायला, त्यांना लिहिलेलं वाचून दाखवलं का? याचे गुण शून्य. आणि माझ्या लेखी समाजशास्त्राच्या माणसाचं काम तिथेच पास किंवा नापास होतं. बाकीचं सगळं कार्यालयासाठी.

तुला एक प्रसंग सांगते. कापूसवेचणीच्या मजुरीवर मी काम करत होते, आपल्याच तालुक्यात. दिवाळीनंतरचे दिवस. जेवणं झाल्यावर एका अंगणात पंधरा-वीस बाया बसल्या. बोंडाच्या वाळक्या टोकांनी त्यांच्या नखांच्या कडा फाटलेल्या, एकजण तिथेच बोटांना तेल चोळत होती. मी वहीतला दराचा तक्ता वाचला. कोणत्या वावरात, कोणत्या आठवड्यात, किलोमागे काय दर, काटा कोणाचा, गाठोड्याचं वजन किती कापतात. मला ते सगळं रुक्ष वाटत होतं, म्हणून भरभर वाचत होते. मध्येच एक म्हातारी म्हणाली, "बाई, थे मांगचं पुन्हा वाचा तं." पुन्हा वाचलं. त्याच आठवड्यात, शेजारशेजारच्या दोन वावरांत किलोमागे एका रुपयाचा फरक होता. "मंग आमाले काहून कमी?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वावरात कोणीच गेलं नाही. दुपारपर्यंत दर वाढला.

वावराचा मालक आमच्या संस्थेच्या एका संचालकाचा नातेवाईक निघाला. पुढे काय झालं असेल ते तू ओळखशील. माझं वेळापत्रक बदललं, सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा तास माझ्याकडे आला, आणि माझी फाइल टेबलाखालच्या गठ्ठ्यात गेली. सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाले. लोक म्हणतात, मॅडम, वाचून दाखवायची काय गरज होती, छापून टाकायचं. अरे, छापलं असतं तर त्या बायांना एक रुपया कधी मिळाला असता?

तुला वाटेल, मॅडमची स्वतःची यादी आखूड आहे म्हणून त्या असं बोलतात. वाटू दे. आखूडच आहे. त्यातलं एकेक काम मात्र ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या कानावरून गेलेलं आहे.

याची किंमतही सांगते, नाहीतर तू म्हणशील मॅडमनी फक्त मोठेपणा सांगितला. बेंबळा धरणाच्या प्रकल्पात गेलेल्या एका गावावरच्या माझ्या दोन वह्या कपाटात आहेत. कोणाचं घर कुठे होतं, विहिरीवर कोण कोणत्या बाजूनं पाणी भरायचं, देवी कुठे हलवली, मोबदल्याच्या पैशावरून कोणते भाऊ फुटले. गाव उठलं आणि लोक पांगले. काही पुनर्वसनात, काही यवतमाळला, काही थेट पुण्याला वॉचमन म्हणून. वाचून कोणाला दाखवायचं? म्हणून मी छापलं नाही. माझी मैत्रीण म्हणते, हा नुसता हट्ट होता, आज त्या गावाची दुसरी नोंद कुठे आहे सांग. तिचं म्हणणं मला रात्री आठवतं. तरी त्या लोकांच्या भांडणांचं मासिकात छापून मी दहा गुण घेतले असते तर मला चाललं नसतं. नियम एकदा वाकवला की मग तो सोयीनं वाकतो, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आत्ताही म्हणते.

आणि ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. बाबासाहेबांनी जातींच्या उत्पत्तीवरचा निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला. छापून आला मे १९१७ मध्ये. आधी समोर बसून हरकत घेणारे लोक, मग शाई. तिथले श्रोते अमेरिकेतले होते, हे खरं. आपल्याला तर श्रोते एसटीच्या तिकिटात मिळतात. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघ. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट चालायचे. गावातले आणि बाहेरचे लोक एकत्र बसून एखादा प्रश्न चघळायचे आणि मग ग्रामसभा सगळ्यांच्या सहमतीनं ठरवायची. अशा गावात प्रश्नावली घेऊन गेलीस तर तेच तुला उलटे चार प्रश्न विचारतील. ती सवय गावागावांत लागायला हवी, आणि ती तुझ्यासारख्या पोरींच्या जाण्यायेण्यानंच लागेल.

आता तुझा विषय. 'ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण : यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक समाजशास्त्रीय अध्ययन.' बेटा, हे तू लिहिलंस की कोण्या झेरॉक्सवाल्यानं? असले प्रबंध शोधगंगेवर, त्या प्रबंधांच्या सरकारी संकेतस्थळावर, ढिगानं पडलेत. तुझी आई वेचणीला जाते. सोयाबीन वाढल्यापासून तिचे वेचणीचे दिवस कमी झाले आणि सोंगणी हुंड्यानं, म्हणजे ठोक रकमेच्या ठेक्यानं, देतात, तिथे नवरा-बायकोची जोडी लागते, हे तूच मला मागच्या वर्षी सांगितलंस. एकट्या बाईला, विधवेला त्या हुंड्यात कोण घेतं? विषय तुझ्या घरात बसलेला असताना तू सक्षमीकरण कुठे शोधायला निघालीस? आणि पहिलं प्रकरण झालं की ते आईसमोर वाच. तिला जांभई आली तर प्रकरण पुन्हा लिही.

निबंध छापायच्या घाईचं काय, तर तीही सोड. २०२२ च्या पीएचडी नियमांनी प्रबंध देण्याआधी निबंध छापण्याची सक्ती काढली. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०१९ मध्ये आली तेव्हा तिच्यासाठी सगळे धावले, आणि २०२५ मध्ये ती बंद केल्याचं जाहीर झालं. याद्या येतात आणि जातात. छापू नको असं मी म्हणत नाही. आधी वाचून दाखव, मग छाप. किती वेळा सांगू?

राहिला गाइडचा प्रश्न. ते पत्रक पुन्हा उघड आणि तिसऱ्या पानावरून वाच. अगदी खाली, बारीक अक्षरात एका सहाय्यक प्राध्यापक बाईंची एकच ओळ आहे : मेळघाटातल्या स्थलांतरावरच्या प्रकल्प अहवालाचं ग्रामसभेत वाचन, कोरकूमध्ये. बँकॉकच्या फोटोखाली ती दबून गेली आणि तुझी नजर तिथे पोचलीच नाही. त्यांना मी ओळखत नाही, स्वभाव कसा आहे तेही ठाऊक नाही. तरी मी तुझ्या जागी असते तर त्यांच्याकडेच गेले असते.

मात्र आधी जागा आहे का ते विचार. नियमानं प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा आणि सहाय्यकाला चारच पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. जागा नसली तर सहा महिने थांब, पण रिकामी जागा दिसली म्हणून भलत्याच दारात शिरू नको. सोमवारी सकाळीच फोन कर, दुपारी त्यांचे तास असतील. आणि फोनवर सक्षमीकरण हा शब्द काढू नको.

तुझी,
मॅडम