वाचक विचारतात : बेंजो शिकायचाय, सुरुवात कुठून करू?

यावेळी बेंजोबद्दलचीच पत्रं जास्त आलीत, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : वय ४१, लहानपणापासून गोविंदा नि विसर्जनाला बेंजो ऐकत आलोय, आता स्वतः शिकावंसं वाटतंय. स्वरांचं ज्ञान शून्य. साधा बुलबुल तरंग घेऊ की थेट इलेक्ट्रिक? आणि रोज नक्की काय वाजवू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दादा, बिनधास्त साधा बुलबुल तरंग घ्या. आपल्या बेंजो पार्टीतला बेंजो म्हणजे मुळात तोच, फक्त पिकअप (तारेचं कंपन पकडणारा तुकडा) लावून अँपला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राला, जोडलेला. या वाद्याचा जन्म जपानमधला, नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य काढलं, टाइपरायटरसारख्या कीज असलेलं, आणि तेच पुढे आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं. की दाबली की खालची तार त्या जागी दाबली जाते, घोडीपर्यंतचा (घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) उरलेला तुकडा वाजतो, आणि घोडीच्या जितकं जवळ दाबाल तितका सूर वर जातो. बास, एवढंच यंत्र आहे.

दुकानात घेताना प्रत्येक की दाबून तार छेडून बघा, कुठे झणझण येतेय का, कुठली की अडकतेय का. मग मोकळी तार वाजवा आणि कोमल-तीव्र सगळ्या धरून बारावी की दाबा, तोच सूर बरोबर एक सप्तक वर यायला हवा. येत नसेल आणि घोडी सरकवता येत असेल तर सरकवून बघा, तरीही जुळत नसेल तर ते वाद्य घेऊ नका, कारण त्यावर तुम्ही कितीही रियाज केलात तरी कानाला चुकीचीच सवय लागणार. कीजखालच्या तारा एकाच सुरात लावायच्या असतात, एखादी खालच्या सप्तकात असू शकते, पण त्यातली एक जरी जरा उतरली तरी सगळा आवाज फाटल्यासारखा वाटतो. मोबाइलवर ट्यूनर अ‍ॅप फुकट मिळतं, रोज वाजवायच्या आधी तारा लावा, नव्या तारा तर सुरुवातीला सारख्या उतरतात, तेव्हा घाबरू नका.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मी प्रत्येकाला सांगतो. नवशिक्याचं सगळं लक्ष डाव्या हाताकडे असतं, कुठली की दाबायची, सारेगम कुठे आहे, पण बेंजोचा जीव उजव्या हातात आहे. छेडलेली तार लगेच विरते, गळ्यासारखा सूर लांबवता येत नाही, म्हणून लांब सूर हवा असेल तर प्लेक्ट्रम (तार छेडायची छोटी पट्टी) भराभर खाली-वर, खाली-वर चालवून तो धरून ठेवावा लागतो. मिरवणुकीत बेंजोवाला एका सुरावर थरथरत थांबतो आणि अंगावर काटा येतो ना, ते हेच. तेव्हा पहिले काही दिवस डावा हात बाजूलाच ठेवा, मोकळ्या तारेवर फक्त स्ट्रोक मारा, खालचा आणि वरचा स्ट्रोक सारख्याच वजनाचा यायला हवा, सोबत तबल्याचं अ‍ॅप लावून केरवा ताल हळू लयीत सोडा, त्याच्या ८ मात्रांत मात्रेला एक, मग दोन, मग चार. मनगट सैल हवं, खांद्यातून मारलंत तर पाच मिनिटांत हात भरून येईल.

मग डावा हात घ्या. यात एक बारकी गोष्ट आहे जी फार कमी जण सांगतात. की सोडली की तार परत मोकळी होते आणि मध्येच मोकळ्या तारेचा सूर घुसतो, त्यामुळे वाजवणं तुटक वाटतं. म्हणून वर जाताना पुढची की दाबेपर्यंत मागचं बोट उचलायचं नाही, आणि खाली उतरताना खालची की आधीच दाबून ठेवून मग वरचं बोट सोडायचं, कारण दोन कीज दाबल्या तरी घोडीजवळचीच बोलते. सारेग, रेगम, गमप असा अलंकार असाच घोळवा, वेग आपोआप येतो. पुढे भूप राग घ्या, सा रे ग प ध पाचच स्वर, सगळे शुद्ध, आणि घरात सगळ्यांना पाठ असलेली एखादी आरती तोंडाने म्हणत म्हणत कीजवर शोधा. युट्यूबवर कीजचे नंबर देऊन गाणी शिकवतात, सुरुवातीला मदत होते, पण नुसते नंबर पाठ करून कान तयार होत नाही, गाऊन शोधलेलं गाणं कायमचं राहतं.

प्रश्न : इथल्या दुकानात बँजो मागितला तर गोल, चामडं ताणल्यासारखा, लांब दांड्याचा पाच तारांचा दाखवला. हाच घेतला तर आपली गाणी वाजतील का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ताई, ते वेगळं वाद्य आहे, आणि फार सुंदर आहे. त्याची मुळं आफ्रिकेत, गुलाम म्हणून अमेरिका खंडात नेलेल्या लोकांनी ते तिथे घडवलं. त्याला कीज नसतात, डाव्या हाताची बोटं थेट तारेवर, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटांत नख्या घालून तारा फिरवत वाजवायच्या, ही तीन बोटांची शैली अमेरिकी बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांनी १९४५ पासून गायक बिल मन्रो यांच्या बँडमध्ये गाजवली. पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांड्याच्या मध्येच असते.

नवशिक्यांना बहुतेक वेळा जी-डी-जी-बी-डी असं ट्यूनिंग देतात. जीला सा धरलं तर आखूड तार म्हणजे वरचा सा आणि बाकीच्या प, सा, ग, प. म्हणजे भूपातले तीन स्वर मोकळ्या तारांवरच हजर! आपल्या चाली त्यावर नक्की बसतील, मला तर असं कुणी वाजवलेलं ऐकायला फार आवडेल. पण तुम्हाला मिरवणुकीतला बेंजो हवा असेल तर हा घेऊन समाधान होणार नाही, पुढच्या भारतवारीत बुलबुल तरंग आणा.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, मंडळाच्या बेंजो पार्टीच्या प्रॅक्टिसला जाऊन बसतो. सगळे म्हणतात आधी हार्मोनियम शिकव. आणि तिथल्या आवाजाची मला भीती वाटते. – एक आई, पनवेल

उत्तर : ताई, हार्मोनियम आली तर उत्तमच, पण आधी तेच पाहिजे असं काही नाही. मुलगा स्वतःहून तिथे जाऊन बसतोय, ही केवढी मोठी गोष्ट आहे, ती ओढ मोडू नका. या वाद्यातले कितीतरी चांगले वाजवणारे असेच बाजूला बसून, बघून, ऐकून तयार झालेत. त्याला घरी सरगम गायला लावा आणि तिथे ढोलकीवाल्याच्या शेजारी बसू द्या, लय अंगात भिनली की बेंजो निम्मा आला.

आवाजाची भीती मात्र खरी आहे, त्यात तडजोड करू नका. स्पीकरच्या तोंडासमोर बसायचं नाही, इअरप्लग घालायचे, आणि घरी परत आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर पुढचे काही दिवस प्रॅक्टिस बंद, तरीही थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. मंडळातल्या मोठ्यांशी स्पष्ट बोला, बहुतेक ऐकतात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, २००० सालचे नियम आहेत, सणाच्या ठरावीक दिवशी सरकार १२ पर्यंत सूट देतं तेवढीच.

प्रश्न : पावसाळ्यात तारा गंजतात, कीज जाम होतात. काय करू? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा पुसा, घामच जास्त खातो त्यांना. वाद्य झाकून ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. कीजमध्ये तेल अजिबात सोडू नका, धूळ चिकटून अजून जाम होतात. मऊ ब्रशने झाडा आणि तरीही अडकली तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. तार एकदा खरखरीत झाली की पुसून उपयोग नाही, बदलाच, आणि बदलताना सगळ्या एकदम बदला, जुनी नि नवी एका सुरात नीट बोलत नाहीत.