चेक डिजिट बरोबर, तरी बारकोड चुकीचा कसा?

या वेळी बारकोडवरचेच प्रश्न इतके आलेत की बाकीचे विषय बाजूला ठेवले. बहुतेक प्रश्न स्वतःचा छोटा धंदा सुरू केलेल्यांचे आहेत, एक मात्र कॉलेजातून आलाय आणि तो मला सगळ्यात आवडला.

प्रश्न : ताई, मी घरी साबण बनवते. ऑनलाइन विकायला टाकायचे म्हणून एक्सेल शीट पोर्टलवर चढवली, तर निम्म्या ओळींना ‘इनव्हॅलिड बारकोड’ असं येतंय. कोड मी अगदी बघून बघून टाईप केलेत. एकेक नंबर तपासायचा काही सोपा उपाय आहे का?

आहे की, कागद-पेन पुरतं. १३ आकडी बारकोडमध्ये शेवटचा आकडा असतो तो चेक डिजिट, तो आधीच्या १२ आकड्यांवरून निघतो. समजा नंबर आहे २०१२३४५६७८९० आणि शेवटचा आकडा काय ते काढायचंय (२ ने सुरू होणारे १३ आकडी नंबर दुकानांच्या आतल्या वापरासाठी राखलेले असतात, म्हणून मुद्दाम असा घेतला, उगाच कुणाच्या मालाचा नको). डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे घ्या : २, १, ३, ५, ७, ९, बेरीज २७. उरलेले ०, २, ४, ६, ८, ०, त्यांची बेरीज २० आणि तिची तिप्पट ६०. दोन्ही मिळून ८७. पुढची दहाच्या पटीतली संख्या ९०, तिथे पोचायला ३ कमी पडतात, झालं, चेक डिजिट ३. पूर्ण नंबर २०१२३४५६७८९०३. तुमच्या लेबलवर इथे ३ सोडून काहीही असेल तर कुठेतरी आकडा चुकलाय.

१२ आकडी अमेरिकन पद्धतीचा कोड असेल तर डावीकडून मोजू नका, तिथे फसायला होतं. उजवीकडून या, चेक डिजिटला लागून असलेला आकडा तिप्पट, त्याच्या डावीकडचा एकपट, परत तिप्पट. हा नियम ८, १२, १३, १४ आकडी सगळ्यांना लागतो, त्यामुळे मी तर हाच लक्षात ठेवते.

पण खरं सांगू, तुमच्या केसमध्ये मला टायपिंगपेक्षा एक्सेलवर जास्त संशय आहे. एक्सेलला तो नंबर म्हणजे रक्कम वाटते, त्यामुळे सुरुवातीचं शून्य असेल तर ते गपचूप खातं आणि मोठा नंबर ८.९ई+१२ असा काहीतरी दाखवतं. उडालेलं शून्य सोडलं तर तोपर्यंत ठीक असतं, आत नंबर शाबूत असतो, पण तशीच फाईल सीएसव्ही (नुसत्या मजकुराची साधी फाईल) म्हणून सेव्ह केली की जे दिसतंय तेच लिहिलं जातं आणि मागचे आकडे कायमचे गेले. म्हणून आधी तो कॉलम टेक्स्ट करायचा आणि मगच नंबर टाकायचे, नंतर टेक्स्ट करून उडालेलं शून्य परत येत नाही.

अजून एक भानगड सांगते कारण ही सहसा पकडली जात नाही. ०१२३४५६७८९०५ हा १२ आकडी पूर्ण कोड आहे, शेवटचा ५ हा त्याचा चेक डिजिट. हा तुम्ही १३ आकडी बारकोड बनवणाऱ्या टूलमध्ये टाकला तर टूलला वाटतं की अरे १२ च आकडे दिलेत म्हणजे चेक डिजिट मीच काढायचाय, आणि ते शेवटी ० चिकटवून ०१२३४५६७८९०५० बनवून देतं. गणिताने हा बरोबरच ठरतो! पण नंबर मात्र दुसराच झाला. १२ चा १३ करायचा तर शून्य सुरुवातीला लावायचं, म्हणजे ००१२३४५६७८९०५, चेक डिजिट तोच राहतो.

प्रश्न : एका वेबसाइटवरून स्वस्तात बारकोड घेतले. वरच्या पद्धतीने सगळे तपासले, सगळे बरोबर. तरी पोर्टल म्हणतंय हा कोड दुसऱ्याच ब्रँडचा आहे. असं कसं?

चेक डिजिट एवढंच सांगतो की नंबर लिहिताना किंवा वाचताना बहुतेक चूक झालेली नाही, तो कुणाचा आहे हे त्याला माहीतच नसतं. डोळे मिटून कुठलेही १३ आकडे लिहा, दहातून एकदा तो ‘बरोबर’ निघणारच, कारण शेवटी दहाच शक्यता आहेत.

हे नंबर जगभर जीएस१ नावाची संस्था देते, प्रत्येक देशात तिची शाखा असते. कंपनीला सुरुवातीचे काही आकडे मिळतात, त्यापुढचे आकडे आपण आपल्या प्रॉडक्टना द्यायचे आणि शेवटी चेक डिजिट. वेबसाइटवर सुटे विकतात ते बऱ्याचदा दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीने कधीकाळी घेतलेल्या गठ्ठ्यातले असतात, पावती तुमच्या नावाची पण रेकॉर्डमध्ये नाव त्या कंपनीचं. आता मोठी पोर्टलं जीएस१ च्या रेकॉर्डशी ताडून बघतात, म्हणून अडकलात. जीएस१ च्या साइटवर ‘व्हेरिफाइड बाय जीएस१’ नावाची सोय आहे, तिथे नंबर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. हे विकत घ्यायच्या आधी करायचं असतं हे आता सांगून काय उपयोग म्हणा, पण लेबलं छापली नसतील तर अजूनही स्वतःच्या नावाने नंबर घ्या, माझं तरी मत असंच आहे.

प्रश्न : ८९० ने सुरू होणारा कोड म्हणजे माल भारतातच बनलेला, हे खरं का? आमच्या फॅमिली ग्रुपवर दर महिन्याला हा मेसेज येतो.

नाही. ८९० म्हणजे नंबर जीएस१ च्या भारतातल्या शाखेने दिलाय, बस. कारखाना कुठल्याही देशात असू शकतो. पुस्तकांवरचा ९७८ तर कुठल्याच देशाचा नाही. मेसेज पाठवणाऱ्या काकांना हे प्रेमाने सांगा.

प्रश्न : चेक डिजिट काढताना तिप्पटच का? मी इंजिनिअरिंगला आहे, सरांना विचारलं तर म्हणाले पाठ कर.

दुप्पट करून बघ ना. ०ची दुप्पट ०, ५ची दुप्पट १०, एकं स्थानी दोन्हीकडे शून्यच, म्हणजे कुणी ०च्या जागी ५ टाकला तर कळणारच नाही. ३ने गुणलं की ०, ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, दहाही आकड्यांचं एकं स्थान वेगळं येतं. म्हणून एक आकडा चुकला तर तो पकडला जातोच, शंभर टक्के. आणि सगळेच एकपट ठेवले असते तर आकडे मागेपुढे झाले तरी बेरीज तीच राहिली असती.

अर्थात तिपटीतही एक भोक आहे. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि त्यांच्यात नेमका ५चा फरक असेल, म्हणजे २७चे ७२ किंवा ३८चे ८३, तर बेरीज बरोबर १०ने बदलते आणि चूक सटकते. करून बघ, आणि मग सरांनाही दाखव.

प्रश्न : नंबर बरोबर, माझ्याच नावावर, मोबाईलवर स्कॅनही होतो. पण दुकानदार म्हणतो मशीन बीप करत नाही. लेबल पांढरं आणि पट्ट्या आमच्या लोगोच्या लाल रंगात आहेत.

लाल रंगात, इथेच सापडलं. काउंटरवरचे बरेचसे स्कॅनर लाल प्रकाश टाकतात, त्या उजेडात लाल पट्टी पांढरीसारखीच दिसते, म्हणजे मशीनला तुमचं लेबल कोरं आहे. गंमत म्हणजे उलटं चालतं, लाल कागदावर काळ्या पट्ट्या मस्त वाचल्या जातात. मोबाईलचा कॅमेरा वेगळ्या पद्धतीने बघतो, त्यामुळे ‘मोबाईलवर होतंय’ हा पुरावा धरूच नका.

पट्ट्या काळ्या करून घेतल्या की बाकीचंही बघून घ्या. १३ आकडी बारकोडचा ठरलेला आकार दोन्हीकडची मोकळी जागा धरून ३७.२९ मिमी रुंद, तो ८० टक्क्यांपर्यंत लहान चालतो, त्याखाली नको. आणि ती मोकळी जागा डिझायनर लोकांना फार खुपते, तिथे चौकट नाहीतर फुलं घालून देतात. नेहमीच्या आकारात डावीकडे साधारण ३.६ मिमी आणि उजवीकडे २.३ मिमी कोरी पाहिजेच, कोड कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते स्कॅनरला त्यावरूनच कळतं. उंची कापून बुटका केलेला कोड आडवातिडवा धरला की वाचता येत नाही, तेही टाळा.

माल बराच छापणार असाल तर प्रिंटरकडे व्हेरिफायर (बारकोडच्या छपाईचा दर्जा तपासणारं यंत्र) आहे का विचारा. ते स्कॅनरसारखं फक्त बीप करत नाही, ए ते एफ ग्रेड देतं, किमान सी तरी यायला हवा.

आणि गोल बाटलीवर लावणार असाल तर पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या येतील असं लेबल फिरवा, उभ्या ठेवल्या तर बारीक बाटलीवर कडेच्या पट्ट्या वळून मागे जातात.